एक ना धड, भाराभर कोडेक

मी एका छोट्या संस्थेची फोनव्यवस्था सांभाळते. चौदा स्वयंसेवक आपापल्या घरून, लॅपटॉपवरच्या सॉफ्टफोनने, म्हणजे फोनचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमने, फोन घेतात. त्यातल्या एकीचा लॅपटॉप एके दिवशी निम्मा मुका झाला. तिला येणारे फोन व्यवस्थित येत, पण तिने स्वतः नंबर लावला की काहीच होत नसे. रिंग नाही, एंगेज टोन नाही, ३२ सेकंद नुसती शांतता आणि मग टाइमआउट. तेच खातं तिच्या मोबाइलवर टाकलं तर फोन लगेच लागायचा.

दोन संध्याकाळी मी पासवर्ड, फायरवॉल आणि राउटर यांच्यामागे घालवल्या. शेवटी वायरशार्क हा जाळ्यातली पॅकेटं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम लावून पॅकेटं पाहिली. कॉल सुरू करताना जो पहिला संदेश जातो, ज्याला सिपमध्ये (इंटरनेटवर कॉल जोडायच्या नियमांत) इन्व्हाइट म्हणतात, तो १८०० बाइटच्या वर गेला होता. इथरनेटवर एका पॅकेटमध्ये १५०० बाइट मावतात. यूडीपीवरून, म्हणजे पोच न घेता पाठवायच्या पद्धतीने, जाताना त्या संदेशाचे दोन तुकडे होत होते आणि वाटेतलं कुठलं तरी उपकरण दुसरा तुकडा गिळत होतं. अर्धी चिठ्ठी सर्व्हरला मिळून उपयोग काय?

संदेश एवढा फुगला कशाने? तिला कुणीतरी सांगितलं होतं की सगळे कोडेक, म्हणजे आवाज-चित्र दाबून पाठवायच्या पद्धती, चालू ठेव, म्हणजे कुठेही फोन लागेल. तिने सेटिंगमध्ये जाऊन दिसेल त्या चौकोनात खूण केली होती. ऑडिओचे चौदा, व्हिडिओचे पाच. प्रत्येक कोडेकच्या एक-दोन ओळी त्या संदेशात जातात. मी ऑडिओचे तीन आणि व्हिडिओचा एक एवढेच ठेवले, संदेश हजार बाइटच्या आसपास आला, आणि फोन पहिल्या झटक्यात लागला. सिपच्या मूळ नियमात, म्हणजे २००२ च्या आरएफसी ३२६१ या इंटरनेटच्या नियमपत्रात, संदेश १३०० बाइटच्या पुढे जात असेल आणि वाटेची क्षमता माहीत नसेल तर यूडीपी सोडून पोच घेऊन पाठवणारी टीसीपी वापरा असं लिहिलेलं आहे. तिच्या सॉफ्टफोनने ते मनावर घेतलं नव्हतं. मी नंतर सेटिंगमध्ये टीसीपीही करून टाकलं, पण यादी मात्र परत वाढवली नाही.

तेव्हापासून कुणाच्याही यंत्रावर बसले की मी आधी खुणा काढून टाकते.

दोघांचं जमतं कसं

कोडेक म्हणजे आवाज किंवा चित्र दाबून लहान करायची आणि पलीकडे पुन्हा उलगडायची पद्धत. चित्राच्या बाबतीत ती किती लागते ते एका गुणाकाराने कळतं. ६४० बाय ४८० ठिपक्यांचं चित्र, सेकंदाला ३० फ्रेम, ठिपक्याला सरासरी १२ बिट: हे जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला ११० मेगाबिट होतात. कोडेक ते अर्ध्या-पाऊण मेगाबिटात बसवतो.

दोन्ही टोकांना एकच पद्धत यायला हवी, म्हणून कॉलच्या सुरुवातीला बोलणी होते. फोन लावणारा आपली यादी पाठवतो, घेणारा त्यातलं आपल्याला जमतं ते परत कळवतो. वायरशार्कमध्ये ही यादी उघडून पाहिली तर साधारण अशी ओळ दिसते:

एम=ऑडिओ ७०७८ आरटीपी/एव्हीपी ९६ ९ ८ १०१

७०७८ हा पोर्ट. आरटीपी म्हणजे आवाज-चित्राची पॅकेटं वाहून न्यायची पद्धत. पुढचे आकडे म्हणजे कोडेक, आवडीच्या क्रमाने. ८ म्हणजे जी.७११ ए-लॉ, ९ म्हणजे जी.७२२. हे आकडे कायमचे ठरलेले आहेत. ९६ पासून १२७ पर्यंतचे आकडे मात्र मोकळे, त्या त्या कॉलपुरते वाटून घ्यायचे, म्हणून ९६ म्हणजे काय ते खाली वेगळ्या ओळीत लिहावं लागतं. इथे ते ओपस आहे असं धरा, १०१ बद्दल पुढे. समोरच्याने हाच क्रम पाळावा अशी अपेक्षा असते, सक्ती नसते. काही सर्व्हर आपलाच क्रम पुढे रेटतात. तुम्ही ओपस सगळ्यात वर ठेवूनही कॉल जी.७११ वर चालला असेल, तर दोष बहुधा सर्व्हरच्या यादीत असतो, तुमच्या नाही.

एकही कोडेक जुळला नाही तर ४८८ हा आकडा परत येतो. पण ४८८ दिसला म्हणून लगेच कोडेककडे धावू नका. एका बाजूने एनक्रिप्शन सक्तीचं केलं असेल आणि दुसऱ्या बाजूने बंद ठेवलं असेल, तरी हाच आकडा येतो. वरच्या ओळीत 'एव्हीपी'च्या जागी 'एसएव्हीपी' दिसलं की समजायचं, भांडण एनक्रिप्शनवरून चाललंय.

हात लावण्याआधी

सेटिंगच्या पडद्याचा फोटो काढा. लिनफोन या सॉफ्टफोनमध्ये ऑडिओ आणि व्हिडिओच्या सेटिंगखाली कोडेकच्या वेगवेगळ्या याद्या असतात, मायक्रोसिपमध्ये दोन खाने असतात, एकात उपलब्ध कोडेक आणि दुसऱ्यात चालू केलेले. बाकीच्यांत 'प्रगत' किंवा 'मीडिया' अशा नावाखाली शोधा. ब्राउझरमधून कॉल करत असाल तर सहसा यादी तुमच्या हातात नसतेच. तिथे ओपस आणि जी.७११ असावेतच, चित्रासाठी व्हीपी८ आणि एच.२६४ दोन्ही असावेत, असा नियम आहे आणि तो पुरेसा चांगला आहे.

दुसरं, कोडेकच्या माथी मारले जाणारे पण त्याचे नसलेले आजार आधी बाजूला काढा. एकाच बाजूने आवाज येतो? तो बहुतेक वेळा राउटरच्या पत्ताबदलाचा घोळ असतो. आपलाच आवाज परत ऐकू येतो? समोरच्याचा स्पीकर त्याच्याच मायक्रोफोनमध्ये शिरतोय, त्याला हेडफोन लावायला सांगा. आवाज लांबून, डब्यातून आल्यासारखा? लॅपटॉपने हेडसेटचा सोडून झाकणातला मायक्रोफोन धरलाय. माझ्याकडे 'कोडेक बदलून दे' म्हणून येणाऱ्या दहातल्या सहा तक्रारी या तिघांत संपतात.

आवाजाची यादी

माझा क्रम असा: ओपस, जी.७२२, जी.७११ ए-लॉ. शिवाय आकडे दाबण्यासाठी 'टेलिफोन-इव्हेंट', त्याबद्दल पुढे. बाकी सगळं बंद.

जी.७११ पासून सुरुवात करते, कारण ते १९७२ पासून आहे आणि ते येत नाही असं यंत्र मला अजून भेटलेलं नाही. सेकंदाला ८००० नमुने, नमुन्याला ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट. यात दाबणं जवळजवळ नाहीच. त्यामुळे प्रोसेसरला काम नाही आणि आवाज साध्या फोनसारखा, स्वच्छ पण अरुंद. याच्या दोन जाती आहेत, उत्तर अमेरिका आणि जपानमध्ये म्यू-लॉ, बाकी बहुतेक जगात ए-लॉ. तुमचे फोन ज्या जाळ्यात जातात तिथली ठेवा. शेवटच्या जागी हा कोडेक असायलाच हवा. बाकी कशावरच जमलं नाही तर यावर जमतं.

अरुंद म्हणजे काय ते कानाने तपासा. साध्या फोनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झ. 'स', 'श', 'फ' या अक्षरांचा जीव त्याच्या वरच्या भागात असतो, तोच कापला जातो. जी.७११ वर कुणालातरी 'सोड' आणि 'फोड' हे शब्द आलटून पालटून म्हणायला सांगा आणि ओळखून दाखवा. मग जी.७२२ वर तेच करा. १९८८ चा हा कोडेक सेकंदाला १६,००० नमुने घेतो, ७००० हर्ट्झपर्यंत जातो, आणि तरीही तेवढ्याच ६४ किलोबिटात बसतो. फुकटात मिळणारी सुधारणा आहे ही. चालू कॉलची माहिती दाखवणाऱ्या आकडेवारीच्या खिडकीत जी.७२२ समोर ८००० हर्ट्झ दिसलं तर दचकू नका. आरटीपीच्या १९९६ च्या नियमात ती चूक शिरली, आणि तोवरची यंत्रं त्या चुकीवरच चालत असल्याने पुढे ती तशीच ठेवली. खरे नमुने १६,०००च असतात.

आता ओपस. २०१२ मध्ये आरएफसी ६७१६ म्हणून जाहीर झाला. स्काइपचा सिल्क आणि झिफ या संस्थेचा सेल्ट या दोन पद्धती त्यात एकत्र आहेत, एक बोलण्यासाठी मुरलेली, दुसरी संगीतासाठी. ६ पासून ५१० किलोबिटपर्यंत कुठेही चालतो आणि कॉल चालू असतानाच वर-खाली होतो. म्हणून स्पीक्स, जीएसएम, आयएलबीसी यांच्या खुणा मी निःशंकपणे काढते. आपापल्या काळी त्यांनी चोख काम केलं. आज ओपस येत नाही पण स्पीक्स येतो असं यंत्र भेटलंच, तर खाली जी.७११ आहेच.

ओपसचं नाव यादीत नेहमी '४८०००/२' असं दिसतं, म्हणजे ४८ किलोहर्ट्झ, स्टीरिओ. ते फक्त लिहायची रीत आहे. तुमचा एक कानाचा हेडसेट स्टीरिओ होत नाही आणि तेवढी बँडविड्थही जात नाही.

त्याच्या आत चार गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली, बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट पाठवायचे. बोलण्यासाठी १६ ते २० किलोबिटात जी.७२२ एवढा पट्टा मिळतो, २८ ते ४० मध्ये पूर्ण पट्टा. मी २४ वर ठेवते. संगीत शिकवणाऱ्या एकाला मात्र ६४ करून दिलं आणि त्याच्या सॉफ्टफोनमधलं कोलाहल कमी करणारं सेटिंग बंद केलं. नाहीतर तंबोऱ्याला ते कोलाहलच समजतं आणि हळूहळू पुसून टाकतं.

दुसरी, हरवलेलं भरून काढायची सोय, एफईसी. प्रत्येक पॅकेटमध्ये आधीच्या पॅकेटची एक हलकी प्रत घालून पाठवतात. मधलं पॅकेट हरवलं तर पुढच्यातून तो तुकडा काढता येतो. मेख अशी की नुसती खूण करून भागत नाही. 'साधारण किती टक्के पॅकेट हरवतील' हा आकडाही द्यावा लागतो. तो शून्य असेल तर ओपस प्रत घालतच नाही. काही सॉफ्टफोन हा आकडा चालू कॉलवरून स्वतः काढतात. हाताने द्यायचा असेल तर ५ किंवा १० द्या.

तिसरी, शांततेत पाठवणं थांबवायची सोय, डीटीएक्स. कुणी बोलत नसेल तेव्हा ओपस सुमारे ४०० मिलिसेकंदांनी एकच पॅकेट पाठवतो. बँडविड्थ वाचते. पण आमच्याकडे लोक मन मोकळं करायला फोन करतात आणि कधीकधी मिनिटभर काहीच बोलत नाहीत. त्या मिनिटात पलीकडचा श्वास, पंख्याची घरघर, खुर्चीची करकर ऐकू येत असते आणि माणूस तिथे आहे हे कळतं. डीटीएक्सने ते सगळं पुसलं जायचं. मग स्वयंसेवक घाबरून 'हॅलो, ऐकताय ना?' म्हणायचे, नेमकं तेव्हा, जेव्हा गप्प राहायला हवं. मी चौदाही लॅपटॉपवर ते बंद केलं.

चौथी गोष्ट पॅकेटची लांबी, आणि इथे जरा थांबू, कारण इथला हिशोब फार कमी जण करतात.

आवाज सहसा २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत जातो, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटं. प्रत्येक पॅकेटवर पत्त्यांचं वेष्टन चढतं: आयपीचे २० बाइट, यूडीपीचे ८, आरटीपीचे १२. एकूण ४०. जी.७११ मध्ये आतला माल १६० बाइट, वेष्टनासकट २००. गुणिले ५०, गुणिले ८, म्हणजे ८० किलोबिट. '६४ चा कोडेक' खरा ८० खातो.

आता जी.७२९ घ्या. '८ किलोबिटचा' म्हणून त्याची ख्याती. २० मिलिसेकंदांत माल भरतो २० बाइट. वेष्टन ४०. नाकापेक्षा मोती जड! प्रत्यक्षात २४ किलोबिट जातात, म्हणजे नावावरच्या तिप्पट. ओपस २४ किलोबिटवर ठेवला तर माल ६० बाइट, वेष्टनासकट १००, एकूण ४० किलोबिट. जी.७२९ पेक्षा १६ किलोबिट जास्त देऊन आवाज मात्र कितीतरी रुंद मिळतो. जी.७२९ चे पेटंट २०१७ मध्ये संपले, त्यामुळे तो आता बऱ्याच ठिकाणी मोफत सापडतो. तरी पलीकडची जुनी व्यवस्था फक्त तोच मागत असेल तरच मी तो चालू करते.

वेष्टन कमी करायचं तर तुकडा लांब करा. ओपसचा तुकडा ४० मिलिसेकंदांचा केला की पॅकेटं निम्मी, २५. माल १२० बाइट अधिक ४०, एकूण ३२ किलोबिट. आठ किलोबिट वाचले. त्याची किंमत अशी की आवाज २० मिलिसेकंद उशिरा निघतो आणि एक पॅकेट हरवलं की दुप्पट लांबीचा घास जातो. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं जी.११४ ही शिफारस सांगते. त्यापुढे दोघं एकमेकांच्या वाक्यात पाय घालू लागतात. म्हणून साध्या इंटरनेटवर २० च बरं, फारच चिंचोळ्या जोडणीवर ४०.

आकडे दाबल्यावर

'मराठीसाठी १ दाबा.' दाबलं, पुन्हा दाबलं, बाई तेच म्हणतेय. असं होत असेल तर टेलिफोन-इव्हेंट बघा. दाबलेला आकडा आवाज म्हणून पाठवला तर जी.७२९ सारखा कोडेक त्याचे सूर मोडून टाकतो, कारण तो माणसाच्या गळ्यासाठी घडवलेला आहे. म्हणून आकडा वेगळ्या पॅकेटने, 'हा ५ आहे' असं सांगून पाठवतात. यादीत ते बहुधा १०१ या आकड्याने दिसतं आणि सेटिंगमध्ये आरएफसी २८३३ किंवा ४७३३ या नावाने. दुसरा त्याचाच सुधारलेला अवतार. खुणा काढण्याच्या भरात याची खूण काढू नका. मी एकदा काढली होती.

चित्र

चित्राची यादी दोन ओळींची पुरे: एच.२६४ आणि व्हीपी८. एच.२६१ आणि एच.२६३ ही घरातली वडीलधारी मंडळी. पहिल्यात जास्तीत जास्त ३५२ बाय २८८ ठिपके. त्यांना विश्रांती द्या. एच.२६५ आणि २०१८ चा एव्ही१ तेवढ्याच बिटांत जास्त चांगलं चित्र देतात, पण जुन्या लॅपटॉपला चित्र दाबताना घाम फुटतो. पंखा जोरात सुटला, आवाज तुटायला लागला, की समजायचं प्रोसेसर दमलाय, नेटचा दोष नाही.

दोघांत कुणाला वर ठेवायचं? यंत्रात एच.२६४ साठी वेगळी चिप असेल आणि सॉफ्टफोन ती वापरत असेल तर एच.२६४. नसेल तर व्हीपी८, कारण त्यात जुळवायच्या गोष्टी कमी. एच.२६४ मध्ये नाव जुळूनही बोलणी फिसकटू शकते. यादीत 'प्रोफाइल-लेव्हल-आयडी' म्हणून सहा अक्षरी सांकेतिक आकडा असतो, उदाहरणार्थ ४२ई०१एफ. सुरुवातीचे ४२ म्हणजे बेसलाइन प्रोफाइल. शेवटचे १एफ म्हणजे सोळा अंकांच्या (हेक्साडेसिमल) मोजणीतले ३१, अर्थात लेव्हल ३.१, म्हणजे १२८० बाय ७२० ठिपके ३० फ्रेमने. हा आकडा लिहिलाच नाही तर नियमाप्रमाणे लेव्हल १ धरायची, म्हणजे १७६ बाय १४४, तेही १५ फ्रेमने. पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र दिसत असेल तर आधी हे बघा. तिथेच 'पॅकेटायझेशन-मोड' असतो. तो दोन्हीकडे १ ठेवा, म्हणजे चित्राचा मोठा तुकडा अनेक पॅकेटांत विभागून पाठवता येतो.

पण खरं सांगायचं तर चित्राचे नव्वद टक्के त्रास कोडेकच्या नावात नसतात, बिटरेटच्या मर्यादेत असतात. माझ्या मावशीचंच घ्या. तिच्या लॅपटॉपवर मीच सॉफ्टफोन टाकून दिला होता. एके दिवशी तिचा आवाज असा येऊ लागला की जणू पाण्यात बुडून बोलतेय.

"मावशी, तुझा आवाज तुटतोय."

"मला तर तुझं छान ऐकू येतंय. तूच काहीतरी बिघडवलं असशील बघ."

आणि तिचं अर्धं खरं होतं. तिला माझं छान ऐकू येत होतं, कारण माझा आवाज तिच्या डाउनलोडवरून जात होता आणि ते मोकळं होतं. तुटत होता तिचा आवाज, तिच्या अपलोडवर. ज्याला तुटकं ऐकू येतं त्याच्याकडे दुरुस्ती क्वचितच असते, ती बोलणाऱ्याकडे करावी लागते. मग सुरू झालं उंटावरून शेळ्या हाकणं. "मावशी, वर दातेरी चाकासारखं काही दिसतंय?" "दिसतंय." "त्यावर दाब." "दाबलं, आता फोनच बंद झाला." असं तीनदा.

चौथ्यांदा आकडेवारीची खिडकी सापडली. तिचा सॉफ्टफोन ७२० चं चित्र दीड मेगाबिटने पाठवायला बघत होता आणि तिचं अपलोड जेमतेम एक मेगाबिट. चित्राची पॅकेटं गर्दी करत होती आणि त्या चेंगराचेंगरीत आवाजाचीही हरवत होती. मी तिला चित्र ६४० बाय ३६० करायला लावलं, १५ फ्रेम, मर्यादा ३५० किलोबिट. आवाज लगेच स्वच्छ झाला. चित्र थोडं मऊ झालं, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हापासूनचा माझा नियम: अपलोडचा वेग मोजायचा, दिवसातल्या वाईट वेळी मोजायचा, आणि त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त कॉलला द्यायचा नाही. त्यातून आधी आवाजाचे ५० किलोबिट काढून ठेवायचे, उरलं ते चित्राला. फ्रेम कमी करायच्या की ठिपके? बोलण्यासाठी फ्रेम कमी करा. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्यांसाठी उलट, ठिपके कमी करा आणि फ्रेम २५ च्या खाली नेऊ नका, बोटांची हालचाल हरवते. 'वेग आपोआप जुळवा' अशी खूण असेल तर ती राहू द्या, पण कमाल मर्यादा तरीही हाताने घाला.

आणखी एक लक्षण. कॉल लागतो, आवाज येतो, चित्र मात्र दहा सेकंद काळं, मग एकदम उगवतं. किंवा मध्येच अर्धा चेहरा चौकटींत विरघळतो आणि बराच वेळ तसाच राहतो. बहुतेक फ्रेममध्ये फक्त 'आधीच्यापेक्षा काय बदललं' एवढंच असतं, अधूनमधून एक पूर्ण फ्रेम येते. ती हरवली तर पुढची येईपर्यंत वाट बघत बसावं लागतं. समोरून 'पूर्ण फ्रेम पाठव' असं मागता यायला हवं. त्यासाठी एव्हीपीएफ, म्हणजे अशी मागणी उलट कळवायची सोय, चालू लागतं, लिनफोनमध्ये ते खात्याच्या सेटिंगमध्ये असतं. ते दोन्हीकडे चालू करा. सर्व्हर मध्ये आड येत असेल तर पूर्ण फ्रेमचं अंतर दोन-तीन सेकंदांवर आणा, बिट जरा जास्त जातील.

मध्ये सर्व्हर असेल तर

अॅस्टरिस्कसारखा सर्व्हर मध्ये बसलेला असेल तर तुमची बोलणी त्याच्याशी होते, पलीकडच्या माणसाशी नाही. सर्व्हरवरही तोच न्याय: आधी सगळे कोडेक नाकारा, मग हवे तेवढेच नावाने घ्या. तुमच्याकडून ओपस जातोय आणि बाहेरची टेलिफोन लाइन फक्त ए-लॉ घेतेय, तर सर्व्हर एकातून दुसऱ्यात भाषांतर करतो. रुंद आवाजाचा फायदा तिथेच संपतो. तरी घरून सर्व्हरपर्यंतची वाट खडबडीत असेल तर ओपस ठेवा, पॅकेटं हरवल्यावर तो जास्त चांगला सावरतो. वाट गुळगुळीत असेल तर सरळ ए-लॉ ठेवा, सर्व्हरचं काम वाचेल.

तपासायचं कसं

एकावेळी एकच गोष्ट बदला. बदल झाला की कॉल ठेवून नवा लावा, चालू कॉलला नवी यादी सहसा लागू होत नाही. आपलाच आवाज परत पाठवणारा इको नंबर बहुतेक सेवांकडे असतो, त्यावर अर्धं मिनिट बोला. मग खऱ्या माणसाला लावा आणि आकडेवारीची खिडकी दोन्हीकडे उघडा. जाणारा आणि येणारा कोडेक वेगळाही असू शकतो, नियमाला ते चालतं. हरवलेल्या पॅकेटांचा टक्का १ च्या आत असेल तर निवांत राहा. ५ च्या पुढे गेला तर कोडेकशी खेळण्याआधी वायफाय सोडून केबल लावून बघा. वायरशार्कमध्ये टेलिफोनीच्या मेनूखाली व्हीओआयपी कॉल निवडले की आधी काय बोलणी झाली तेही दिसतं. एनक्रिप्शन नसेल तर आवाजही वाजवून ऐकता येतो. अर्थात दुसऱ्यांचे कॉल ऐकण्याआधी त्यांना विचारा.

आणि तो सुरुवातीला काढलेला फोटो पुसू नका. शेवटची यादी लागली की तिचाही एक काढून ठेवा. गेल्या महिन्यात एक अपडेट आला आणि चौदापैकी पाच लॅपटॉपवर सगळ्या खुणा पुन्हा जशाच्या तशा उगवल्या, डीटीएक्ससकट. या वेळी फोटो बघून बघून पाचही लॅपटॉप वीस मिनिटांत लागले.